‘इंजेक्शन देणाऱ्या हातांनी’: ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

श्री. ‘स्पष्टवक्ता’,

खरं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून हेच वापरते. अंगठा चोखायचं वय उलटून गेलं तरी मूल चोखतच राहिलं, तर काय सांगायचं हे आम्हा आरोग्यवाल्यांपैकी फार थोड्यांना नीट ठाऊक असतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. आम्हा म्हणजे नर्स, आशा, डॉक्टर, सगळेच. त्यावर आपली प्रतिक्रिया आली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं की एका घरच्या अनुभवावरून सगळ्या पेशाला अडाणी ठरवता येत नाही. बहुतेक मुलं आपोआप सोडतात, तेव्हा ‘सुटेल’ हा सल्ला चूक नाही. असं वाचून आया घाबरतात नि पोरांना मार बसतो. जागतिक आरोग्य संघटनेबद्दलचं माझं वाक्यही जुनं झालंय. आणि शेवटी आपण लिहिलंत, “इंजेक्शन देणाऱ्या हातांनी दातांवर लिहू नये.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपानाच्या दहा पायऱ्या 1989 साली आल्या, तेव्हा नवव्या पायरीत अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नका असं होतं. 2018 च्या सुधारणेत ते ‘चोखणी आणि बाटलीचे धोके आईला समजावून सांगा’ असं झालं. मी जुनंच लिहिलं. चूक माझी. एवढं नीट शब्दांत सांगितलं असतंत तर मी आभार मानले असते.

पण ते शेवटचं वाक्य. ते मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

गुहागर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी बत्तीस वर्षं काढली. खांद्याला लशीचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, आणि पावसाळ्यात जांभ्याच्या निसरड्या पाखाडीने वरच्या वाडीला चढायचं. इंजेक्शन कसं देतात हे आपण पाहिलं असेलच. दिलंय का, ते माहीत नाही. पाच वर्षांच्या डोसाला मूल आईच्या मांडीवर बसतं, आई त्याचे पाय धरते आणि हात आम्ही धरतो. त्या हाताचा अंगठा आमच्या तळहातात येतो. पोर मातीत खेळून आलेलं असतं, नऊ बोटांच्या नखांत लाल माती आणि दहावा अंगठा धुऊन काढल्यासारखा पांढरा. पाठीवर दातांनी पडलेला घट्टा. हे बघायला दातांच्या डॉक्टरची पदवी लागत नाही. तोंड उघडायच्या आधी हात सांगतो. तेव्हा साहेब, ज्या हातांनी लिहू नये म्हणता, पहिली खबर त्याच हातांना लागते.

लागूनही आम्ही काय केलं, हाच तर माझा लेख होता. माझ्या धाकट्याचा पाचव्या वर्षीचा डोस मी स्वतः दिला. त्याचा घट्टा माझ्या हाताला लागला. मी काय म्हटलं असेल? ‘सुटेल आपोआप.’ सासूबाई तर म्हणायच्याच, “चोकू दे गो, पोटात असल्यापासून चोकतात.” त्या चुकीचं बोलत नव्हत्या, गर्भातलं बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतं. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं, ते हसले. एका दंतवैद्याला दाखवलं, तर “दुधाचे आहेत, पडतील.” अंगठ्याला कडू किराईत चोळून पाहिलं. पोराने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी चाटून साफ.

आठव्या वर्षी त्याला आंबोळी पुढच्या दातांनी तोडता येईना. दात मिटले तरी वरच्या-खालच्यांत माझं बोट जाईल एवढी फट. आंबोळी तोंडाच्या कडेला नेऊन दाढेखाली धरून ओढायची, कुत्र्याचं पिल्लू ओढतं तशी. ‘स’ म्हणताना जीभ त्या फटीतून बाहेर. शाळेत पोरं काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. शेवटी कोल्हापूरला टाळूला तारेची जाळी बसवून घेतली. कुंभार्ली घाटाच्या एसटीत त्याला ओकारी व्हायची, ती दर महिन्याला माझ्या पदरात. आपण ‘एका घरचा अनुभव’ म्हणालात, ते हे घर.

आता आपलं ‘बहुतेक मुलं आपोआप सोडतात’. हो, सोडतात. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बरीचशी सोडतात, हे मी लेखातच लिहिलंय, आपण तिथपर्यंत वाचलं नसावं. माझा प्रश्न पुढचा आहे: ‘सुटेल’ म्हणणारा ‘कधीपर्यंत’ हे का सांगत नाही? तिसरं वर्ष उलटलं की बालदंतरोगवाल्यांना एकदा दाखवावं, असं त्यांच्याच पुस्तकात असतं. कायमचे पुढचे दात सहा-सात वर्षांपासून येऊ लागतात. त्याआधी सवय गेली तर पुढची फट पुष्कळदा आपली आपण मिटते. पण अंगठा तोंडात असताना जीभ खाली दबते, गाल आत ओढले जातात, वरची कमान अरुंद होते आणि मागच्या दाढा उलट्या बसतात. ते मात्र बहुधा आपोआप नीट होत नाही. शिवाय नुसता अंगठा तोंडात ठेवून झोपणारं पोर वेगळं आणि रात्रभर चक्‌ चक्‌ आवाज करत ओढणारं वेगळं. हा फरक आईला विचारलेला मी सबंध नोकरीत एकदाही ऐकला नाही. मीही विचारला नाही.

विचारणार तरी कोण? आशाताई जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात, मग तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधराव्या महिन्याला. पंधराव्या महिन्यात अंगठा चोखणं अगदी योग्यच, म्हणून विषयच निघत नाही. विषय निघायला हवा तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा घरी कोणी येत नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मुलं तपासणारी गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. मी पाहिलेल्या तपासण्यांत तोंडात बॅटरी मारून किडके दात बघायचे आणि पुढचं मूल. तपासायला येणाऱ्यांवर राग नाही माझा, एका सकाळी साठ-साठ मुलं असतात. पण हात कोणी उलटून बघत नाही.

एका अनुभवावरून निष्कर्ष काढू नये, हे आपलं म्हणणं मी वाचलं. मी प्रबंध लिहीत नाहीये. आया घाबरतात म्हणालात. घाबरतील थोड्या. कडू किराईत चोळण्यापेक्षा बरं.

आणि एक. दुसरी प्रतिक्रियाही पाठवलीत, ती मी प्रसिद्ध केलेली नाही, करणार नाही. त्यात माझ्या मुलाच्या बोलण्याची थट्टा आहे. त्याला पाहिलेलं नसताना. वयाने तुम्ही त्याच्याएवढेच असाल असं भाषेवरून वाटतं, म्हणून इतकंच लिहून थांबते, नाहीतर आमच्याकडे याला दुसरे शब्द आहेत.

नवव्या पायरीचं वाक्य आज रात्री दुरुस्त करते, लाइट राहिली तर. बाकी लेख आहे तसाच राहील.