मिस्टर काय करतात?

ठाण्यात, चरईतल्या एका जिन्याखालच्या दुकानात, भर दुपारी, एका निवृत्त बँकवाल्या काकांनी मला गरीब घोषित केलं. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही ते बिनविरोध मान्य केलं.

गुन्हा एवढाच, की मी जुना लॅपटॉप दुरुस्तीला नेला होता. जुना म्हणजे काय, चालतो की चांगला. जरा सावकाश, पण चालतो. फक्त विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 टाकायला जावं तर स्क्रीनवर येतं की तुमचा पीसी पात्र नाही. इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा, माझा सहाव्या पिढीचा. गोत्र जुळत नाही म्हणून स्थळ परत पाठवावं तसं. हवी तर वर्षभराची मुदतवाढ मिळते, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. पुढे रामभरोसे.

मॉलमधल्या शोरूमच्या मुलाने तर तो उघडूनही पाहिला नव्हता. दोन बोटांनी उचलला, "मॅम, एक्स्चेंजमध्ये दोन हजार" म्हणाला आणि सत्तर हजारांच्या लॅपटॉपपुढे मला उभं केलं. रद्दीवालासुद्धा आधी काटा लावतो हो.

म्हणून हे दुकान. कंपन्यांनी लीज संपल्यावर काढून टाकलेले लॅपटॉप आणायचे, पुसायचे, डिस्क बदलायची, विंडोजऐवजी लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकायची आणि शाळा-कॉलेजच्या मुलांना परवडेल अशा भावात विकायचे, असा तिथल्या पोराचा धंदा. दुकान म्हणजे तरी काय, एक काउंटर, त्यामागे मांडणीवर काळ्या लॅपटॉपची चळत, आणि पुढे एकच स्टूल. त्या स्टुलावर काका. ते गिऱ्हाईक होते की फर्निचर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मांडीवर साड्यांच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कीबोर्ड.

"किती म्हणाला?" काकांनी मला विचारलं. पोराने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"एसएसडीचे, म्हणजे नव्या वेगवान डिस्कचे, दोन हजार, माझे पाचशे," तो म्हणाला. "रॅम आहे ती पुरेल. सॉफ्टवेअरचं काही नाही, लिनक्स टाकतो."

"काही नाही म्हणजे?"

"फुकट असतं काका ते."

इथे काकांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चपलांपासून सुरुवात केली. चपला माझ्या दुर्दैवाने त्या दिवशी पावसाळी होत्या. तिथून नजर वर येत येत खांद्यावरच्या झोळीपाशी थांबली. झोळी खादीची आहे आणि चांगली महाग आहे, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

"मिस्टर काय करतात?"

आता लॅपटॉप माझा. त्यावर मुद्रितशोधनाची कामं करते ती मी. पैसे देणार मी. पण प्रश्न मिस्टरांचा! बरं, या प्रश्नाला ठाण्यात पर्याय नाही. डॉक्टरकडे जा, गॅसवाल्याकडे जा, मिस्टर आधी.

"ऐरोलीला असतात. कंपनीत."

"पर्मनंट?"

"हो."

त्या 'हो'मध्ये त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. त्यांनी आवाज खाली आणला. "असतात दिवस. जातात पण."

तेवढ्यात पोराने त्यांचा कीबोर्ड घेतला आणि काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यावर उलटा करून आपटला. आधी बारीक शेव पडली. मग बडीशेप, अर्धा शेंगदाणा, एक नख, पुन्हा शेव, आणि शेवटी 'एंटर'ची कळ. कळ टुणकन उडून माझ्या झोळीत गेली. मी ती काढून दिली. काका "ठेवा ठेवा," म्हणाले आणि मग कळ आहे हे लक्षात आल्यावर घेतली. मला काय ठेवायला सांगत होते, कोण जाणे.

"पण मग त्या लोकांना खायला कोण घालतं?" काकांची गाडी परत फुकटावर आली.

पोराला विषयाची आवड दिसली. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून सांगायला घेतलं, की 1991 मध्ये हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने हौस म्हणून हे सुरू केलं, जगाला पाहायला दिलं, मग हजारो लोकांनी त्यात भर घातली. आता मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर त्यावर काम करतात. जगातले पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर 2017 पासून सगळे यावरच चालतात. "तुमचा फोनसुद्धा काका. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे."

"हा मुलाने दिलाय," काका म्हणाले. "अठ्ठावीस हजारांचा." फोन खिशात गेला.

"आणि हे मी टाकतोय ते मिंट, लिनक्सचाच एक प्रकार. त्याचं बरंचसं देणग्यांवर चालतं."

देणग्या! काकांचा चेहरा उजळला. इतका वेळ न लागणारा हिशेब एकदम लागला. म्हणजे ट्रस्ट. म्हणजे मी लाभार्थी.

"नाव काय म्हणालास?"

"लिनक्स मिंट 22. विल्मा."

"विल्मा?"

"प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात काका. 2012 ला माया होती, 2018 ला तारा, 2021 ला उमा."

"उमा आमची धाकटी बहीण," काका म्हणाले. "आणि विल्मा आमच्या ब्रँचला होती. वसईची. कडक बाई. कॅश टॅली झाल्याशिवाय कुणाला लोकल पकडू द्यायची नाही." मग त्यांना ते दिवस आठवले. बँकेत संगणक येणार म्हणून युनियनने काढलेले मोर्चे, गेटवरच्या घोषणा. काका पहिल्या रांगेत. यंत्र माणसाचं काम खाणार, असं तेव्हा म्हणायचे म्हणे. यंत्र काकांची शेव खात होतं हे समोर दिसत होतंच.

विल्मा चांगली निघाली म्हटल्यावर त्यांनी माझ्या बाजूने घासाघीस सुरू केली. मी सांगितलेलं नसताना. "पाचशे कशाला घेतोस यांच्याकडून? तीनशे घे. पुण्य लागेल." आणि तो पोरगा, अहो, "बरं" म्हणाला! मला शरमेने मेल्यासारखं झालं. रागही आला. दान काकांचं, पुण्य काकांचं, आणि दोनशे रुपये गेले कुणाचे, तर दिवसभर जिन्याखाली वाकून स्क्रू काढणाऱ्या पोराचे. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याची मजुरी कमी करणं याला परोपकार म्हणतात. मॉलमधल्या त्या सत्तर हजारांच्या लॅपटॉपसमोर काका म्हणाले असते का, पन्नास घे?

मी गपचूप क्यूआर कोड स्कॅन केला आणि पूर्ण रक्कम पाठवली. कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. पण काउंटरवरचा तो बोलका डबा ओरडला, "दोन हजार पाचशे रुपये प्राप्त झाले."

दुकान शांत. काका मागच्या बाईंकडे वळून म्हणाले, "स्वाभिमानी आहेत."

बाईंनी च्यक् च्यक् केलं.

मला एक कळत नाही. आमच्या आईचा मिक्सर 1984 चा आहे. तो बंद पडला की जांभळी नाक्याकडे नेतात, कार्बन बदलतात आणि आल्यागेल्याला अभिमानाने दाखवतात. आजेसासूबाईंचं शिवणयंत्र अजून चालतं, त्याचं तर घरात पूजन होतं. मग लॅपटॉपनेच काय घोडं मारलंय? त्यातलं काही झिजलेलं नाही, काही जळलेलं नाही. एका तारखेला कुणीतरी दूर बसून सांगितलं की हा आता जुना, की लगेच आपण सगळे 'हो, जुना'. आणि न ऐकणारी बाई गरीब.

तसं जुन्याला धरून बसणारे नाहीत असंही नाही. ते फक्त नको तिथे बसतात. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं ओळखता यावीत अशा जागतिक पद्धतीत, आली त्याला लिनक्सइतकीच वर्षं झाली, 1991. तरी माझ्याकडे तपासायला येणारी निम्मी पुस्तकं अजून त्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली असतात. तो फॉन्ट आपल्याकडे नसला की उघडल्यावर प्रस्तावनेच्या जागी टाइपरायटरवर मांजर चालल्यासारखा मजकूर. मी म्हटलं, युनिकोडमध्ये पाठवा. तर प्रकाशकाच्या ऑफिसातून उत्तर, "मॅडम, तुम्ही विंडोज का नाही घेत?" लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर वापरलं तर पहिला संशय वापरणाऱ्यावर. मराठी कीबोर्ड मिंटच्या यादीत निमूट हजर आहे, लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं व्यवस्थित येतात, केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतात. पण नाही. आमच्याकडे चोरून टाकलेलं विंडोज चालेल. ते प्रतिष्ठित.

असो. निघताना काकांनी माझा नंबर घेतला. दिला कशाला, असं नवऱ्याने नंतर विचारलंच. अहो, ते स्टूल दुकानाच्या दारात होतं आणि काका स्टुलावरून हलत नव्हते. "आमच्या ओळखीचा एक ट्रस्ट आहे," ते म्हणाले, "गरजू महिलांना नवीन कॉम्प्युटर देतात. फॉर्म पाठवतो. लाजायचं नाही."

लॅपटॉप दुसऱ्या दिवशी मिळाला. सुरू व्हायला पूर्वी चहा करून व्हायचा, आता गॅस पेटवेपर्यंत तयार असतो. मी खुशीत होते.

तर रात्री व्हॉट्सॲप वाजलं. आधी गुलाबाचं फूल, त्याखाली सुविचार, त्याखाली फॉर्मचा तिरका फोटो. मग प्रश्न: "रेशनकार्ड कुठलं? पिवळं की केशरी?"

नवरा म्हणाला, सांगू नकोस काही, ब्लॉक कर. पण मला स्वभाव नडतो. मी लिहिलं, "आमचं पांढरं आहे, काका."

निळ्या टिका आल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. उडून जाणारी एंटरची कळ फोनला नसते, तरी वेळ लागला.

"पांढरं तुम्हाला कसं दिलं त्यांनी? एजंट कोण होता?"