'प्रिटेंडर' म्हणजे तोतयाच का?

नमस्कार. लेख इतका बारकाईने वाचलात, आभार. तुमचा आक्षेप असा, की 'प्रिटेंड' म्हणजे सोंग घेणे, म्हणून 'प्रिटेंडर' म्हणजे तोतया. त्यामुळे इंग्लंडचा राजपुत्र जेम्स स्टुअर्ट याला मी लेखात 'गादीचा दावेदार' म्हटलं ते चुकलं, असं तुमचं म्हणणं. मला हे पटत नाही.

मूळ लॅटिन 'प्रेटेंडेरे', म्हणजे पुढे पसरणे, पुढे करणे. त्यातलं 'टेंडेरे' आणि संस्कृत 'तन्' एकाच कुळातले. आपलं 'ताणणे' तिथलंच. हक्क पुढे करतो तो प्रिटेंडर. खोटेपणाची छटा इंग्रजीत फार लवकर चिकटली, हे मान्य. पण जेम्सच्या विरोधकांना नेमकी तीच छटा हवी होती.

१० जून १६८८ ला लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात तो जन्मला. बाप, राजा दुसरा जेम्स, कॅथलिक; देश प्रोटेस्टंट. मुलगा झाल्याने प्रोटेस्टंट मुलगी मेरी वारसाहक्कात मागे पडली. लगेच आवई उठली: राणीला मूल झालंच नाही, कुणाचं तरी पोर बिछाना शेकायच्या भांड्यातून आत आणलं. हे भांडं म्हणजे लांब दांड्याचं, झाकणाचं, पसरट पात्र. निखारे घालून अंथरुणावरून फिरवायचं. त्यात जिवंत बाळ मावणार कसं? शिवाय बाळंतिणीच्या खोलीत दरबारी मंडळींची दाटी होती. तरी ऑक्टोबरात राजाला चाळीसेक जणांच्या साक्षी नोंदवून घ्याव्या लागल्या. पोटच्या पोराच्या जन्माचा पुरावा द्यायची पाळी बापावर यावी, हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. डिसेंबरात राजा फ्रान्सला पळाला. गादी मेरी आणि तिच्या नवऱ्याकडे गेली. पुढे पार्लमेंटच्या कायद्यातच या मुलाला 'प्रिटेंडेड प्रिन्स ऑफ वेल्स' म्हटलं गेलं ('प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणजे युवराज). मुलगा राजाचाच होता. गादी गेली ती धर्मापायी. त्याला तोतया म्हणायचं, तर ती भांड्याची आवई खरी मानावी लागेल.

आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला माणूस भाऊ नव्हताच. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. वाद हक्काचा नव्हता, माणूस कोण हाच होता. तोतया तो.

एका ठिकाणी मात्र तुमचं बरोबर आहे. लँबर्ट सिमनेललाही मी 'दावेदार' लिहिलं होतं. १४८७ मध्ये डब्लिनला त्याला वॉरिकचा अर्ल, म्हणजे इंग्लंडच्या गादीवर हक्क असलेला राजघराण्यातला मुलगा, म्हणून मुकुट घातला, तेव्हा खरा अर्ल लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. सिमनेलची बाजू लढाई हरल्यावर इंग्लंडचा राजा सातव्या हेन्रीने त्या पोराला मुदपाकखान्यात मांस भाजायची सळई फिरवायला ठेवलं. लेखात त्याच्यापुढे आता 'तोतया' लिहिलं आहे.