एकविसावं शतक 2000 साली लागलं नव्हतं

‘एकविसावं शतक 1 जानेवारी 2000 च्या मध्यरात्री साऱ्या जगात एकाच क्षणी सुरू झालं’ असा मजकूर फिरतोय. मुलं तेच पाठ करतात, म्हणून हा खुलासा.

सहाव्या शतकात डायोनिसियस या ख्रिस्ती साधूने इसवी सनाची मोजणी घालून दिली. तिच्यात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1. शंभर नोटांचं बंडल मोजून बघा. शंभरावी नोट त्याच बंडलातली, पुढच्या बंडलातली पहिली नव्हे. तसं 2000 हे विसाव्या शतकाचं शेवटचं वर्ष. नवं शतक लागलं 1 जानेवारी 2001 ला.

आणि ‘एकाच क्षणी’ हेही खरं नाही. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या लाइन बेटांवर मध्यरात्री नवं शतक लागलं, तेव्हा आपल्याकडे 31 डिसेंबरचे दुपारचे साडेतीनच वाजले होते. लंडनला मध्यरात्र झाली तेव्हा आपले पहाटेचे साडेपाच.

आपल्या पंचांगात तर दिवस सूर्योदयाला बदलतो. सूर्योदयाला प्रतिपदा असेल तो पाडवा. तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी लागते, पण अमेरिकेत त्याच तारखेचा सूर्योदय आपल्यानंतर कित्येक तासांनी होतो. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांत गुढी कधी कधी एक तारीख आधी उभी राहते.