मानवाधिकार त्या पोरीचेही आहेत

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "या मानवाधिकारवाल्यांना आधी हाकला, मगच आपल्या पोरींना न्याय मिळेल." खाली अंगठ्यांची रांग. डोक्यात तिडीक गेली. तिथे भांडले नाही, इथे लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीसोबत पोलीस ठाण्यात बसले होते. पाचवीतली पोर. बाकी काही लिहिणार नाही, कुणी विचारूही नका. समोर खाकीतले साहेब, दार सताड उघडं, बाकावर भलत्याच कामाला आलेली दोन माणसं सगळं ऐकतायत. पोरीच्या हातात पाण्याची बाटली. बूच उघडायचं, लावायचं, परत उघडायचं. आधी एकांना सांगितलं, मग आतल्या साहेबांना, मग एक मॅडम आल्या त्यांना. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, परत पहिल्यापासून?"

आता ऐका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्याचं कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्या, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्या, आणि अंगावर वर्दी नको. हे कुठून आलं? संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, आणि पोक्सोच्या सुरुवातीलाच त्याचा उल्लेख आहे. तुम्ही ज्याला शिव्या घालताय ना, त्यातूनच त्या पोरीच्या वाट्याला बंद दार यायला हवं होतं. आलं नाही, ते कायदा पाळला नाही म्हणून.

केनियात तर मुलींनी पोलिसांनाच कोर्टात खेचलं. मेरू भागातल्या १६० मुली, काही तर जेमतेम तीन वर्षांच्या. पोलीस तक्रार घेत नव्हते, घेतली तर तपास नाही, कुठे पैसे मागायचे, कुठे पोरींनाच नको ते विचारायचे. त्यांना आसरा देणाऱ्या संस्थेने अकरा मुलींना पुढे करून याचिका केली. अत्याचार करणाऱ्यांवर नाही हं, पोलिसांवर! २७ मे २०१३ ला तिथल्या हायकोर्टाने देशाची राज्यघटना आणि आंतरराष्ट्रीय करार दोन्ही समोर ठेवून निकाल दिला: पोलिसांनी काही न करणं हाच मुलींच्या हक्कांचा भंग आहे, ताबडतोब नीट तपास करा. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर ते बूचच होतं. गुन्हा एकाने केला, पण ते तीन वेळा सांगायला लावणारे कोण होते?

आरोपीलाही वकील मिळाला पाहिजे, खोट्या तक्रारीही होतात. मान्य. पण म्हणून पोरीचा हक्क कमी होत नाही. आणि "फाशी द्या" लिहिणाऱ्यांपैकी त्या दिवशी बाकावर तिच्या शेजारी बसायला कोण आलं होतं?

जाऊ दे. राग लिहून संपत नाही. त्या मॅडम वाईट नव्हत्या, तेही सांगते. थकलेल्या होत्या. शेवटी त्यांनीच उठून दार लोटलं, आणि पोरीने बाटली खाली ठेवली. तेवढ्यानेच.

परवा तिचा फोन आला. साक्षीची तारीख लागलीय. "मावशी, कोर्टात किती वेळा सांगायचं?" मुलाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलवू नये असं पोक्सोत लिहिलंय, त्या भरवशावर म्हणाले, "एकदाच गं." म्हणताना आवाज कापला. त्या दिवशी रजा टाकलीय. सोबत जाणार आहे.