उशीर हे कारण पटत नाही

गूगल प्लस हे गूगलचं सोशल नेटवर्क उशिरा आलं म्हणून बुडालं, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. फेसबुक तरी कुठे पहिलं होतं? मायस्पेस, ऑर्कुट आधीपासून होतेच की. २०११मध्ये प्लससोबत आलेली 'सर्कल्स'ची, म्हणजे ओळखीच्यांचे गट करायची, कल्पना खरंच छान होती. नाव माउसने ओढून वर्तुळात टाकायचं. घरच्यांचं वेगळं, ऑफिसचं वेगळं. पण वर्तुळं भरली तरी आत शुकशुकाट, कारण गप्पा रंगायच्या फेसबुकवर. मग २०१३मध्ये यूट्यूबवर साधी कमेंट करायलाही प्लस सक्तीचं केलं, तिथे लोक बिथरले. माझ्या मते खरी चूक हीच. खाती वाढली, पण प्लसवरच्या ९० टक्के भेटी ५ सेकंदांच्या आत संपायच्या, हे २०१८मध्ये गूगलनेच सांगितलं. सर्कल्ससाठी मात्र अजून हळहळ वाटते.