पसारा बेज रंगाने जात नाही

हल्ली रील उघडलं की एक तरी घर दिसतंच, बेज भिंती, बेज सोफा, टेबलावर एक फुलदाणी आणि तीही रिकामी, खाली कॅप्शन 'माइंडफुल होम'. मला पहिला प्रश्न हा पडतो की ह्यांचे चार्जर कुठे असतात? चष्मे, औषधं, बिलं, मुलांच्या वह्या, अर्धवट वाळलेले कपडे? कॅमेऱ्याच्या मागे असणार, दुसरं काय. फोटोबद्दल तक्रार नाही हो, पण ते बघून माणसं आपल्या नांदत्या घरावर वैतागायला लागतात आणि शांतता विकत आणायला निघतात, म्हणजे पसारा कमी करायचा म्हणून आधी बास्केटा, ऑर्गनायझर आणि एकसारख्या बरण्या घरात येतात आणि मग त्याच ठेवायला जागा शोधा.

माझं मत असं आहे की वस्तू परत जागेवर ठेवायला जितके कष्ट कमी तितकं घर शांत. वस्तू किती आहेत हे त्याच्यानंतर बघू.

साधी कात्री घ्या. लागते ती पाकिटं फोडायला, म्हणजे दाराजवळ नाहीतर ओट्याजवळ. आणि तिची 'जागा' कुठे, तर आतल्या खोलीत, कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, एका डब्यात, ज्याच्यावर अजून दोन डबे आहेत. काढताना गरज असते म्हणून आपण जातो, डबे उचलतो, काढतो. ठेवताना कोण जातंय? ती टेबलावरच राहते, मग तिच्या शेजारी सेलोटेप येते, मग एक पावती, आणि रात्रीपर्यंत टेबल गेलं. आणि आपण म्हणतो काय, तर घरातल्यांना शिस्त नाही. अरे शिस्त कसली, कपाटच चुकीच्या ठिकाणी केलंय ना!

ह्या विचारात नवीन काहीच नाहीये. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्झ्की ह्या आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर डिझाइन केलं, जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. काम करताना हात कुठे जातो, पावलं किती पडतात, वेळ किती जातो ह्याचा हिशोब धरून आखलेलं. कोरडं सामान ठेवायला नावं लिहिलेले अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, ओतायला पुढे चोच असलेले, बसून काम करायला फिरतं स्टूल, आणि छतावरचा दिवा हवा तिथे सरकवता येणारा. अशी साधारण दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आता त्यात एकच माणूस नीट मावायचा, म्हणजे घरातली बाई तिथे एकटी पडायची, ही टीका त्याच्यावर झाली आणि ती रास्तच आहे. पण वस्तू राहणार कुठे हे आधी आणि भिंतीचा रंग नंतर, हा क्रम मला अजूनही पटतो. आपल्याकडे येणाऱ्या थ्रीडी डिझाइनमध्ये बघा, झाडू कधीच नसतो, इस्त्रीचं टेबल नसतं, रिकाम्या बॅगा नसतात. डिझायनरला हे तीन प्रश्न विचाराच.

कपाट आत किती खोल असावं ह्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. हँगरला कपडे अडकवायचे तर साधारण ६० सेंमी खोली लागते, ठीक. पण तेच माप धरून अख्खी भिंत करून टाकतात आणि त्यात पुस्तकं लावतात, ज्यांना २५-३० सेंमी पुष्कळ झाली. मग पुढे एक रांग, मागे एक रांग, आणि मागच्या रांगेत काय आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं म्हणून तीच वस्तू परत विकत आणली जाते. खोल जागा असेल तर फळी नको, बाहेर ओढता येणारा ड्रॉवर करा. महाग पडतो, मान्य, पण बाकीच्या शोभेच्या पॅनेलिंगमधून तेवढे पैसे नक्की वाचतील.

ओपन शेल्फ मला आवडत नाहीत. धूळ पुसायची हौस असेल तर करा.

लाइटचं मात्र मनावर घ्या. छताच्या मधोमध एक पांढराफटक ट्यूब आणि त्याच्याखाली सगळं आयुष्य, ह्यात कुठलंही घर ऑफिससारखं दिसणार. बल्बच्या खोक्यावर केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, लिहिलेला असतो, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. काम करायच्या जागी पांढरा ठेवा, पण संध्याकाळी बसायच्या-झोपायच्या खोलीत पिवळसर, आणि एका मोठ्या दिव्याऐवजी दोन-तीन छोटे, खालच्या उंचीवर. रात्री उशिरापर्यंत प्रखर निळसर उजेडात बसलं की झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, दबतं. आणि अजून एक, खोली रिकामी केली की ती घुमते. पडदे काढले, सतरंजी काढली, पुस्तकं हलवली, आता डोळ्यांना शांत पण टीव्ही लावला की कानाला कटकट.

आता खरी भांडणाची गोष्ट. सॅक्सबी आणि रेपेटी ह्या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये लॉस एंजेलिसमधल्या नवरा-बायको दोघंही कमावणाऱ्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपलं घर दाखवताना ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं हे जास्त येत होतं, त्यांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दिवस सरेल तसं जितकं उतरायला हवं तितकं उतरत नव्हतं. मला ह्यात नवल वाटत नाही. खुर्चीवरचा टॉवेल सगळ्यांनाच दिसतो, पण टोचतो कुणाला, तर ज्याला 'हे मलाच उचलायचंय' हे माहीत असतं त्याला. त्यामुळे आवरण्याची वाटणी न करता नुसतं इंटिरियर करून काही साधत नाही, कितीही पैसे ओता.

आणि दुसऱ्याच्या वस्तू त्याच्या माघारी टाकू नका. सासऱ्यांच्या जुन्या डायऱ्या, मुलीचे दगड, नवऱ्याच्या वायरी, तुम्हाला कचरा वाटत असेल, तरी विचारल्याशिवाय नाही. प्रत्येकाला एकेक कपाट किंवा खण देऊन टाका, आत वाट्टेल ते भरू दे, कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही. अट एकच, दार बंद झालं पाहिजे.