विम्याचं विचारलं म्हणून विषकन्या?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एक हातभर लांब मेसेज टाकला. 'नवऱ्यांनो सावधान! थ्रिलर सिनेमातली विषकन्या तुमच्या घरात तर नाही ना?' मग अशी बाई ओळखायच्या सात खुणा, खाली 'जनहितार्थ' आणि हात जोडलेले. असलं काही आलं की मी न वाचता पुढे जाते. पण दोन दिवसांनी तोच मेसेज माझ्या भाचीला तिच्या होणाऱ्या सासूबाईंकडून आला, तोही सहावी खूण ठळक करून. पोरगी बोरिवलीहून दादरला गाडी बदलून थेट माझ्याकडे मुलुंडला आली. चहा होईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, मी त्याला टर्म प्लॅन आहे का, एवढंच विचारलं होतं गं."

सहावी खूण अशी: 'लग्न ठरताच किंवा लग्नानंतर लगेच विमा, नॉमिनी, बँक खाती यांची चौकशी करते.'

मी बावीस वर्षं विम्याच्या क्लेमच्या टेबलावर काढली आहेत आणि काळोख्या गल्लीबोळांचे, खून-फसवणुकीचे सिनेमे त्याहून जास्त वर्षं बघते आहे. तेव्हा हे उत्तर मीच द्यायला हवं.

मेसेजचं पहिलं म्हणणं, या सिनेमांनी बायकांना नवऱ्याचा काटा काढायला शिकवलं. सगळ्यांची आई म्हणावी अशी फिल्म म्हणजे बिली वाइल्डरची 'डबल इंडेम्निटी', १९४४ सालची. बायको, विमा एजंट आणि नवऱ्याच्या नावाची अपघात पॉलिसी. ती जेम्स केनच्या कादंबरीवरून आली आणि कादंबरीला निमित्त झालं न्यूयॉर्कमधलं रूथ स्नायडर प्रकरण. खून १९२७ चा, १९२८ मध्ये तिला आणि तिच्या प्रियकराला विजेच्या खुर्चीत बसवलं, सिनेमा त्यानंतर सोळा वर्षांनी. शिकवलं कोणी कोणाला?

लांब कशाला जायचं? आपल्या मलबार हिलवर १९२५ साली बावला खून झाला. इंदूरच्या दरबारातून निसटलेली मुमताज ही अब्दुल कादर बावला या शेठबरोबर गाडीत होती. तिला उचलून न्यायला इंदूरची माणसं आली, बावलाला गोळ्या घातल्या, तिच्या चेहऱ्यावर वार केले. पुढच्या वर्षी होळकर महाराजांना गादी सोडावी लागली. या प्रकरणावर 'कुलीन कांता' हा मूकपट आला तो खुनानंतर, त्याच वर्षी. आणि 'तिच्यापायी एक शेठ मेला, एक राजा गेला' असं म्हणायला लोक मोकळे. चेहरा कोणाचा फाटला ते कोणी बघत नाही.

दुसरं म्हणणं, ही बाई आपल्या संस्कृतीतली नव्हेच, परदेशातून आली. आपल्या जुन्या संस्कृत नाटकात, 'मुद्राराक्षसा'त, विषकन्या आहे. चंद्रगुप्तासाठी पाठवलेली, चाणक्याने ती पर्वतकाकडे वळवली. म्हणजे मेसेजच्या मथळ्यातला शब्दच अस्सल देशी! आणि अण्णा, तुमच्या साठीला हॉलमध्ये कोणती गाणी लागली होती? 'पिंजरा'ची. तमाशातल्या बाईपायी मास्तर धुळीला मिळतो, आणि तुम्ही 'छबीदार छबी'वर टाळ्या वाजवत होता. आता 'पिंजरा'चा सांगाडा 'ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन सिनेमाचा आहे, हे मला माहीत आहे. तेवढ्यापुरतं परदेशी म्हणा हवं तर.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते कबूल करते, नाइलाजाने. 'पूर्वी वाईट बाईला शेवटी शिक्षा व्हायची, आता ती सुटते.' हो, हॉलिवूडमध्ये असं झालंय. पण त्याचं कारण संस्कार नव्हतं, नियमावली होती. १९३४ पासून तिथे हेज कोडची सक्ती होती, गुन्हा करून कोणी सुखाने जगताना दाखवायचं नाही. १९६८ ला ती गेली. मग 'बॉडी हीट'मधली (१९८१) बाई पैसे घेऊन समुद्रकिनारी पडलेली दिसते. पण त्याच साच्यातून आपल्याकडे 'जिस्म' (२००३) काढला, त्यात बिपाशाला मारलंच. मेसेज लिहिणाऱ्याने 'जिस्म'चं नाव सुटणाऱ्या बायकांच्या यादीत घातलंय. सिनेमा पूर्ण पाहिलेला दिसत नाही. मध्यंतरात उठला असावा.

'अंधाधुन'चंही (२०१८) नाव आहे. त्यात तब्बूची सिमी खुनशी आहेच, वाद नाही. पण तिचा प्रियकर पोलीस इन्स्पेक्टर, पियानोवाला आंधळेपणाचं सोंग घेतलेला, डॉक्टर अवयव विकायला निघालेला. आणि सिमीचं शेवटी काय झालं ते आपल्याला कोण सांगतं? तोच सोंगाड्या पियानोवाला. मग आंधळा म्हणवणारा तो काठीने रस्त्यातला डबा बरोबर टोलवतो आणि आपण खुर्चीत हबकतो. सगळी गोष्ट ज्याच्या तोंडून ऐकली तोच थापाड्या, आणि मेसेजमध्ये आरोपी एकटी सिमी.

'डबल इंडेम्निटी'तही हीच गंमत आहे. सगळी गोष्ट एजंट सांगतो, जखमी अवस्थेत, ऑफिसात बसून, कबुलीजबाब म्हणून. नीट ऐका तो काय सांगतो ते. आगगाडीच्या अपघातात दुप्पट भरपाई मिळते, म्हणून गाडीचा बेत त्याचा. नवऱ्याची सही फसवून घेणारा तो. कंपनीला गंडवायचा विचार ती भेटायच्या आधीपासून त्याच्या डोक्यात होता, हेही तोच सांगतो. तरी ऐंशी वर्षं लोक म्हणतात, तिने त्याला नादी लावलं.

आता सहावी खूण. बाकीच्या सहा मी सोडून देते. त्यातली एक 'मोबाइल पालथा ठेवते' अशी आहे, मी कायम पालथाच ठेवते, काच फुटलीय.

विमा ही बायकोने नवऱ्याला मारून मिळवायची लॉटरी आहे, असं ज्याला वाटतं त्याने क्लेमचा कागद कधी हातात धरलेला नाही. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत माणूस गेला की फाइल वेगळी काढतात आणि बारीक चौकशी होते. अपघात म्हटला की एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. आणि हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ सांगतं की खून करणाऱ्याला, किंवा खुनाला मदत करणाऱ्याला, मेलेल्याची मिळकत वारसाहक्काने मिळत नाही. याउलट विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा बघा, १८७४ चा. त्याच्या कलम ६ खाली नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याची पॉलिसी बायकोमुलांच्या नावे केली की ते पैसे त्यांचे, सावकार आला तरी सहसा हात लावू शकत नाही. राणीच्या राज्यात सरकारला कळलं होतं की बाईला विम्याचं कळायला हवं. भाचीच्या सासूबाईंना २०२५ मध्ये ते संशयास्पद वाटतं.

माझ्या टेबलासमोर बावीस वर्षांत विषकन्या एकही बसली नाही. बसल्या त्या नवरा गेल्यावर तेराव्यानंतर आलेल्या बायका, प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडतील तेवढ्या पावत्या घेऊन. 'एजंट कोण होता माहीत नाही. किती पॉलिसी होत्या माहीत नाही. हे मला काही सांगायचे नाहीत.' लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर नॉमिनी आई, ती वारलेली, नाव बदललेलंच नाही. हप्ते थकून पॉलिसी लॅप्स झालेली, घरात कोणाला पत्ता नाही. लालबागच्या एक बाई तर बाँड शोधायला चाळीतला माळा रिकामा करून आल्या होत्या, केसात अजून जळमट होतं.

आणि कोण कोणाला मारतं याची एवढी काळजी असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल उघडा. हुंडाबळीचे सहा हजारांवर गुन्हे, एका वर्षात. 'नवरींनो सावधान' असा मेसेज अण्णांनी कधी पाठवल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, थोडं कमी तिखट करून. शेवटी विचारलं, "अण्णा, तुमच्या पॉलिसीचे कागद कुठे असतात, ते वहिनीला माहीत आहे का?" ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. रात्री साडेदहाला वहिनीचा मला एकटीला मेसेज आला: "लोखंडी कपाटात असतील बहुतेक. किल्ली यांच्याकडे असते."